एकोणिसाव्या दिवशी हाताला लागलेली गाठ

भावा, गायनेकोमास्टियाच्या, म्हणजे पुरुषाच्या छातीत वाढलेली स्तनग्रंथी काढायच्या ऑपरेशनला एकोणीस दिवस झाले, डाव्या निपलखाली सुपारीएवढं कडक लागतंय, संध्याकाळी छाती फुगते आणि आई गरम तेलानं मालीश करून घे म्हणते, असं तू लिहिलंयस. ‘ग्रंथी राहून गेली का?’ ही तुझी खरी भीती. चार वर्षांपूर्वी मीही आरशासमोर रोज हेच चाचपत उभा राहायचो.

बहुतेक वेळा ती राहिलेली ग्रंथी नसते. ग्रंथी काढलेली जागा भरून येताना आत व्रणाचा जाड थर धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो हाताला लागायला लागतो आणि मऊ पडायला तीन ते सहा महिने घेतो. शिवाय निपलखाली ग्रंथीची पातळ चकती सर्जन मुद्दाम ठेवतात, नाहीतर तिथं खड्डा पडतो. तुझ्या सर्जनला ते विचारून घे.

मालीश मात्र त्यांनी हो म्हटल्यावरच, टाक्यांची जागा पूर्ण मिटल्यावर. बोटांच्या पेरांनी, गोल गोल, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. कणीक मळतात तसा जोर नको. खोबरेल तेल चालतं, पण गरम करून अजिबात नाही. तिथली कातडी अजून बधिर असते, चटका बसलेला कळत नाही. बर्फाचंही तसंच.

मी दहाव्या दिवशीच कुणाला न विचारता जोरात चोळायला सुरुवात केली. दोन दिवसांत उजवी बाजू फुगली. एकीकडे दाबलं की दुसरीकडे पाण्याच्या पिशवीसारखं डुलायचं. आत पाणी साचलं होतं, सर्जननी दोनदा सुईनं काढलं. असं डुलणारं काही लागलं तर मालीश बंद कर आणि दाखवून ये. एकच बाजू काही तासांत टणक होऊन फुगली, खूप दुखायला लागली, ताप आला किंवा टाक्यातून पू आला, तर सकाळची वाट बघू नकोस.

संध्याकाळची सूज दिवसभराच्या हालचालीनं येते. खड्ड्यांतून गाडी चालवणं थोडे दिवस टाळ. शेंगाचटणी, पापड, लोणचं कमी कर, मिठानं अंगात पाणी धरतं. दोन उशा घेऊन उताणा झोप. छाती घट्ट दाबून धरणारं प्रेशर जॅकेट साधारण चार ते सहा आठवडे लागतं. आपल्याकडच्या बेचाळीस डिग्रीत ते अंगावर ठेवणं किती जड जातं, मला माहीत आहे. मी दोन जॅकेटं घेतली होती, एक धुवायला, एक अंगावर, आणि आत पातळ सुती बनियन. घामोळं आलं तरी जॅकेट परस्पर सोडू नकोस, डॉक्टरांना सांग.

आईला पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा. मालिशीचं त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारलं की घरात रोजचा वाद होणार नाही. माझ्या आईचं तसंच झालं. नंतर जॅकेट रोज तीच धुवून वाळत घालायची.