जैन प्रश्नमंजूषेसाठी मुलांच्या संघाची तयारी कशी करून घ्यावी?

पाठशाळेतल्या नववी-दहावीच्या चार मुलांचा संघ आंतर-पाठशाळा प्रश्नमंजूषेला न्यायचाय, हातात महिना आहे, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात फोनपासून करा. आयोजकांना विचारा, उत्तरं दिगंबर परंपरेप्रमाणे धरणार की श्वेतांबर? की दोन्ही चालतील?

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. आमची पाठशाळा सांगलीकडची, दिगंबर. प्रश्न आला, महावीरांच्या मातेला किती स्वप्नं पडली? आम्ही बझर दाबून छातीठोकपणे सांगितलं, १६. चूक! शेजारच्या संघानं १४ म्हणून गुण नेले. खरं तर दोघंही बरोबर होतो. आपल्याकडे सोळा मानतात, श्वेतांबरांकडे चौदा. पण सूत्रसंचालकाच्या कागदावर एकच आकडा होता. आमचे पंडितजी उठून भांडायला लागले आणि त्या गोंधळात आम्ही पुढचे तीन सोपे प्रश्न घालवले. पंडितजींचा मुद्दा बरोबर होता, वेळ नाही.

म्हणून मी आता मुलांकडून फरकांची वेगळी वहीच करून घेतो. तत्त्वार्थसूत्र या दोन्ही पंथांना मान्य असलेल्या ग्रंथाचे अध्याय दोन्हीकडे १०, पण सूत्रं आपल्या पाठात ३५७ आणि श्वेतांबर पाठात ३४४. शीतलनाथांचं लांछन, म्हणजे त्या तीर्थंकराचं ओळखचिन्ह, आपल्याकडे कल्पवृक्ष, तिकडे श्रीवत्स. अरनाथांचं आपल्याकडे मासा, तिकडे नंद्यावर्त. मल्लिनाथ तिकडे स्त्री-तीर्थंकर. गंमत म्हणजे ही वही केल्यावर मुलं दुसऱ्या पंथाच्या मित्रांशी जास्त मोकळेपणानं बोलायला लागली.

२४ तीर्थंकरांची लांछनं क्रमानं पाठ करून घेऊ नका. क्रमानं येणाऱ्या मुलाला ‘गेंडा कोणाचा?’ विचारलं की तो मनात वृषभनाथांपासून मोजत श्रेयांसनाथांपर्यंत येतो, तोवर समोरच्यानं बझर दाबलेला असतो. चित्रांच्या चिठ्ठ्या करा, उलटसुलट विचारा. कमळ (पद्मप्रभ) आणि नीलकमळ (नमिनाथ), हरीण (शांतिनाथ) आणि बोकड (कुंथुनाथ) इथे हमखास घसरतात. निर्वाणस्थळं त्यामानानं सोपी. वृषभनाथ कैलास, वासुपूज्य चंपापुरी, नेमिनाथ गिरनार, महावीर पावापुरी. उरलेले वीसही सम्मेदशिखर.

आपल्या भागातले प्रश्न मुलं हलक्यात घेतात. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना (अन्नत्याग करून व्रतानं देह ठेवणं) कुठे, कधी? कुंथलगिरी, १९५५. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी मराठीत काय कोरलंय? ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. हा शेवटचा प्रश्न आमच्या एका मुलीनं सहलीत पाहिलेल्या अक्षरांवरून सोडवला होता, पुस्तकावरून नाही.

संघात विषय वाटून द्या, पण बोलणारा एकच ठेवा. आणि तो सर्वांत हुशार मुलगा नको! हुशार मुलाला कुजबुज ऐकायची सवय नसते. शांत, समोरच्याचं ऐकून घेणारा मुलगा कप्तान करा. चुकीच्या उत्तराला गुण कापणार असतील, तर प्रश्न पूर्ण ऐकल्याशिवाय बझरला हात लावायचा नाही, हेही सरावातच अंगवळणी पाडा.

आणखी एक. मुलं रात्रिभोजन करत नसतील तर दुपारचा डबा भरपूर द्या. अंतिम फेरी नेमकी सूर्यास्ताच्या सुमारास येते, आणि उपाशी पोरांना सात तत्त्वंही सहाच आठवतात.