एडिटिंग न करता शिकवणीचे व्हिडिओ रेकॉर्ड करायला कॉम्प्युटरवर काय सेटिंग करू?

ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन आणि कॅमेरा रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. मेहनत रेकॉर्डिंगच्या आधीच करायची. तीन सीन बनवून ठेवा: नुसता चेहरा, नुसती स्क्रीन, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात चेहरा. सेटिंग्जमधल्या हॉटकीजमध्ये प्रत्येकाला एकेक की द्या. बोलता बोलता की दाबली की दृश्य बदलतं, मग नंतर कापाकापी उरत नाही. पॉज आणि अनपॉजला एकच की ठेवा. पुढचं वाक्य सुचेना, की दाबा, विचार करा, पुन्हा दाबा. माझा सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचतो. माइकच्या फिल्टर्समध्ये नॉइज सप्रेशन लावलं की पंख्याची घरघर बरीच कमी होते. आणि रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारातच करा: मध्येच वीज गेली तरी तोवरचं वाचतं, साधी एमपी४ फाइल मात्र अशा वेळी उघडतच नाही. नंतर फाइल मेनूतल्या रीमक्स रेकॉर्डिंग्जने झटपट एमपी४ करून घ्या.