डावखुऱ्यांनी गोल्फचा स्वतःचा सेट न्यावाच, पण बॅग आली नाही तर कागद घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नये

चोपड्याच्या दादांचा प्रश्न वाचला आणि लिहायलाच बसले. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते सहकुटुंब मॉरिशसला चालले आहेत. दोन दिवस गोल्फ खेळायचं ठरलंय. ते डावखुरे आहेत, विमान मधे एकदा बदलायचं आहे, आणि स्वतःचा सेट (म्हणजे खेळायच्या काठ्या, त्यांना क्लब म्हणतात) न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा हा पेच आहे. दादा, 2019 च्या जूनमध्ये मी अगदी इथेच अडकले होते. मीही डावखुरी, आमचंही विमान मधे बदलणारं, आणि बेटही तेच.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे सल्ला कोण देतंय ते कळेल. मूळची धुळ्याची, सासर जळगाव. मिस्टर फौजेत होते, त्यामुळे निम्मं आयुष्य छावण्यांत गेलं आणि तिथल्या मैदानावर (त्याला कोर्स म्हणतात) मी गोल्फ शिकले. लहानपणी डाव्या हाताने वाढलं की आजीची चापटी बसायची, देवाला फूल वाहताना तर हमखास. गोल्फच्या मैदानात मात्र पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या हवालदारांनी कुठूनसा डाव्या हाताचा जुना सात नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, शोधून आणला आणि म्हणाले, "मॅडम, जो हात चालतो त्यानेच खेळा." ते मी विसरलेले नाही. त्यामुळे माझ्या सेटवर माझा जीव आहे हे लपवत नाही, आणि सल्ला त्याच बाजूने झुकलेला असणार. मी काही कोच नाही, वकीलही नाही.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने सुट्टीत दोन राउंडसाठी सेट न्यायची गरज नाही, भाड्याचा घ्यावा. डावखुऱ्याने स्वतःचाच न्यावा. भाड्याच्या खोलीत उजव्या हाताचे सेट रांगेने उभे असतात आणि आपल्यासाठी कोपऱ्यात एखादा असतो, तोही कोणी आधी नेला नसेल तर. मला मिळाला तो पुरुषांचा, कडक शाफ्टचा (दांड्याचा), आणि पटर, म्हणजे बॉल भोकात ढकलायचा क्लब, उजव्या हाताचा. पटर नाही म्हणजे निम्मा खेळ गेला. तरी भाड्यानेच घ्यायचा असेल तर "लेफ्ट हँड सेट आहे का" एवढंच विचारू नका. शाफ्ट कोणता, पटर डाव्या हाताचा आहे का, आणि तो आपल्या नावाने राखून ठेवला का, हे कोर्सकडून लेखी मागवा.

चौदापेक्षा जास्त क्लब नियमानेच चालत नाहीत, पण सुट्टीत चौदाही लागत नाहीत. नऊ न्या. बॅग हलकी राहते. कुठल्या तिकिटावर क्रीडासाहित्य फुकट, कुठल्यावर पैसे, हे सगळं विमान कंपनीच्या साइटवर असतं, त्यात मी शिरत नाही.

आता मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. ती नीट वाचा.

आम्ही सोमवारी दुपारी तिथे उतरलो. सोबत लेक, जावई आणि चार वर्षांची नात. सगळ्यांच्या बॅगा बेल्टवर आल्या, माझी गोल्फची आली नाही. लांब आणि आडव्या आकाराचं सामान बहुधा बेल्टवर येत नाही, बाजूच्या वेगळ्या दारातून आणून ठेवतात. तिथेही जाऊन पाहिलं, नव्हती. नात पेंगून रडत होती. बाहेर हॉटेलचा माणूस पाटी घेऊन उभा होता, तो म्हणाला, काळजी करू नका, आम्ही बघतो. आणि मी बाहेर पडले.

तीच चूक. हरवलेल्या सामानाचा काउंटर माझ्यापासून वीस पावलांवर होता. तिथे रिपोर्ट लिहून घेतात, त्याला पीआयआर म्हणतात, आणि त्याचा एक नंबर मिळतो. तो नंबर हातात नसेल तर तुमची बॅग हरवली असं कागदोपत्री झालेलंच नसतं.

गाडीचा चालक मराठी घराण्यातला निघाला. त्याचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. घरात क्रिओल बोलतात, पण गणपतीची आरती त्याला पाठ होती. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. माझा पडलेला चेहरा बघून त्याने विचारलं, "पेपर घेतला?" मी म्हटलं, हॉटेल बघतंय. तो गप्प झाला आणि दोनशे मीटरवर गाडी हळू करून म्हणाला, परत वळू का? मी नको म्हणाले. एकदा बाहेर आलं की आत सोडत नाहीत, असं मला वाटलं. निदान विचारायला हवं होतं. सहा वर्षं झाली, तो वळणाचा रस्ता अजून डोळ्यांपुढे येतो.

मंगळवारचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची राखीव वेळ, आधीच पैसे भरून घेतलेला होता, म्हणून भाड्याच्या सेटवर खेळले. बॅग बुधवारी संध्याकाळी हॉटेलवर आली. मी जेवायला बसले होते. पोचवणाऱ्या मुलाने कागद पुढे केला, मी सही केली, आणि बॅग तशीच खोलीत पाठवली. इथे दुसरी चूक. शुक्रवारी सकाळी उघडली तेव्हा कव्हरची झिप धड होती, वर भलत्याच शहराचा टॅग चिकटलेला होता, आणि आत ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, शाफ्ट हेडच्या (डोक्याच्या) दोन बोटं वर तुटलेला. हेड कव्हरच्या टोकाशी सुटं पडलेलं, तुटलेल्या शाफ्टच्या कडेला काळे तंतू फिसकटलेले. मिस्टरांनी पन्नाशीला दिलेला ड्रायव्हर होता तो. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "त्या काठ्यास्ना नाद सोड माय." त्यांनी मायेनेच म्हटलं, पण मला रडूच आलं.

तेव्हाही हातात वेळ होता, हे मला कोणी सांगितलं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू असतो, भारत 2009 पासून त्यात आहे. त्यात मुदत स्पष्ट दिली आहे. सामान मोडलं असेल तर ताब्यात मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आलं असेल तर एकवीस दिवसांत. तक्रार न करता सामान स्वीकारलं, तर ते चांगल्या स्थितीत मिळालं असं धरतात. मी सुट्टी संपवून, जळगावला येऊन, कपडे धुऊन, मग पुढच्या शुक्रवारी विमान कंपनीला मेल लिहिला. बॅग हातात आल्यापासून तो नववा दिवस होता.

पुढचं सांगताना अजून रक्त तापतं. उत्तर आलं, रिपोर्ट नंबर कळवा. नंबर नाही म्हटल्यावर, मग दावा नोंदवता येत नाही. फोटो पाठवले, तर मुदत संपली. मुदतीचा नियम कुठे लिहिलाय विचारलं, तर पुन्हा रिपोर्ट नंबर कळवा. असे अकरा मेल झाले. शेवटी रात्रीच्या गाडीने मुंबईला कंपनीच्या कचेरीत गेले. ते हेड सुती पिशवीत घालून नेलं होतं. दोन तास बसल्यावर नंबर लागला. मी हेड काउंटरवर ठेवलं, तर समोरच्या माणसाने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका बोटाने ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, ऑनलाइन करा. ऑनलाइनच्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना रिपोर्ट नंबरचा. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

नियम त्यांच्या बाजूने होता, मान्य. पण बॅग त्यांच्याकडेच दोन दिवस फिरली याची नोंद त्यांच्या टॅगवरच होती. एक शब्द सहानुभूतीचा बोलायला काय लागत होतं? बेचाळीस हजारांचा ड्रायव्हर गेला त्यापेक्षा ते बोट जास्त लागलं.

तर दादा, बॅग दिसली नाही तर घरच्यांना बसवा, पाणी द्या, आणि रिपोर्ट लिहूनच बाहेर पडा. "उशिरा" आणि "मोडलेलं" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, दोन्ही लिहा. बॅग हॉटेलवर आली तर पोचवणाऱ्यासमोर उघडा. तो थांबत नसेल तर सहीशेजारी "न तपासता घेतली" असं इंग्रजीत लिहा. त्याच रात्री कंपनीला मेल टाका. टी टाइम उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊच नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्या. करारात भरपाईची कमाल मर्यादा आहे, 2024 च्या डिसेंबरअखेरपासून प्रवाशामागे 1,519 एसडीआर. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, आपल्या पैशात दीड लाखाच्या वर. तेवढे मिळतातच असं नाही, नुकसान सिद्ध करावं लागतं, म्हणून क्लबच्या पावत्या मोबाइलमध्ये ठेवा. प्रवासविम्यात गोल्फचं साहित्य धरलंय का तेही विचारा. विमेवालेही रिपोर्ट मागतात.

पॅकिंगचं एकच सांगते. ड्रायव्हरचं हेड फिरवून काढता येत असेल तर काढा, मोज्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. सुरक्षा तपासणीत विचारलं तर दाखवा. पूर्ण क्लब केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. सगळ्यात लांब क्लबपेक्षा चार बोटं उंच अशी आधाराची दांडी बॅगेत उभी ठेवा, म्हणजे बॅग उलटी आपटली तरी मार दांडीवर बसतो. माझ्याकडे ती नव्हती. अंतर मोजायचं यंत्र असेल तर त्याची सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या सामानात टाकू नका.

सेट नवा आणि महागडा असेल तर जाताना मुंबईला चेक-इनच्या आधी कस्टम्सला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. येताना "हा तिकडून आणला का" असं कोणी विचारलं तर तो कागद कामी येतो. माझ्या ओळखीच्या दोघांना विचारलं होतं, मला नाही. नियम बदलत असतात, तेव्हाचे तेव्हा बघून घ्या. आणि बुटांच्या तळाची आपली काळी माती धुऊन न्या. बेटांवर बाहेरच्या मातीबद्दल फार काटेकोर असतात, ते बरोबरच आहे.

आता खेळाबद्दल, कारण एवढं वाचून तुम्ही जाणंच रद्द कराल अशी भीती वाटायला लागली. जरूर जा. पूर्व किनाऱ्यावरचं इल ओ सर्फ, म्हणजे हरणांचं बेट, तिथला कोर्स बर्नहार्ड लँगरने आखलेला आहे. अठरा होल (भोकं), पार 72, म्हणजे चांगल्या खेळाडूला बहात्तर फटके लागावेत असा, आणि किटसकट बोटीत बसून जायचं. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की समोर पाणी, पलीकडे फेअरवेचा, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा, तुकडा, कडेला काळे ज्वालामुखीचे खडक आणि खारफुटी. आपला डावखुऱ्यांचा स्लाइस (वळून वाकडा जाणारा फटका) डावीकडे जातो, त्यामुळे बाकीच्यांना सोपा वाटणारा होल आपल्याला अवघड जातो आणि उलटही होतं. मी अकरा बॉल घालवले. डझनभर जास्तीचे न्या, जुनेच. बॉल शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, 2019 पासून.

जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून वारा सतत वाहतो. आपल्याकडे मे महिन्यात जळगावात पंचेचाळीस अंश सोसलेल्या माणसाला ती हवा स्वर्ग वाटते, पण दमटपणा फसवतो. आपला घाम इथे वाळून जातो, तिथे हातमोज्यात साचतो आणि ग्रिप सटकते. तीन हातमोजे ठेवा, दर सहा होलला बदला. सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, तेव्हा दुपारी दीडचा टी टाइम स्वस्त मिळाला तरी अठरा होल पुरे होत नाहीत. सकाळचाच घ्या. समुद्रकाठच्या बऱ्याच कोर्सवर पास्पालम नावाचं खारं पाणी सोसणारं गवत असतं. ते दाट आणि चिवट, त्यात आयर्न अडकतो. मी आमच्या शेतात कपाशी निघाल्यावर कडक जमिनीवर सराव केला होता, तो तिथे उपयोगी पडला नाही. खेळून आल्यावर क्लब गोड्या पाण्याने पुसा, खाऱ्या हवेने दोन दिवसांत गंज धरतो.

खर्च जास्त वाटला तर वाकोआचा जिमखाना क्लब विचारून बघा. इंग्रजांच्या काळातला जुना कोर्स, पठारावर, गारवा आणि पाऊस जास्त. मी तिथे खेळलेले नाही, बाहेरून बघितला, झाडं फार सुंदर आहेत.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाहीये. जायची दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर आहेत की वेगवेगळ्या तिकिटांवर? वेगवेगळी असतील तर मधल्या विमानतळावर बॅग तुम्हालाच उचलून पुन्हा द्यावी लागू शकते, आणि चुकली तर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. तिकीट बघून इथेच लिहा, मी रोज रात्री नऊनंतर असते.