रास्पबेरी पाय ४ ला (तो तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) बंद-चालूचं बटन लावता येतंय का? दरवेळी भिंतीवरच्या बोर्डाचं बटन दाबूनच बंद करायलोय, चालतंय का?

चालत नाही हो, आधी ते बंद करा. मी पण लातूरला घरी हेच करायलो होतो. बाबांना जुन्या टीव्हीवर कीर्तनं ऐकायला पाय लावून दिला, ऐकून झालं की ते भिंतीवरच्या बोर्डाचं बटन खट्‌कन बंद करायचे, दोन महिन्यात मेमरी कार्ड गेलं. कार्डावर लिहिणं चालू असताना लाईट तोडली की फाईली खराब होतेत, त्यामुळं चार्जरच्या वायरीत साधा स्विच टाकणं म्हणजे तेच दुखणं नव्या जागी. शिवाय स्वस्त स्विचमधून व्होल्टेज पडतं आणि स्क्रीनवर कमी व्होल्टेजची ती पिवळ्या विजेची खूण दिसायला लागती.

पाय ५ ला बटन कंपनीकडूनच आलंय, ४ ला नाही. पण सोय आहे. पिन नंबर ५ आणि ६ मधे एक पुश बटन लावायचं, दाबलं की जुळणारं अन् सोडलं की सुटणारं, घराच्या बेलसारखं. ५ म्हणजे जीपीआयओ ३ (जीपीआयओ म्हणजे सिग्नल घेणाऱ्या-देणाऱ्या पिना, त्यांचे नंबर वेगळे असतेत) आणि ६ म्हणजे ग्राउंड. पाय शटडाऊन झालेला असला की हे दाबल्यावर आपोआप चालू होतो, त्याला काहीच सेटिंग लागत नाही. बंद करण्यासाठी मात्र कार्ड लॅपटॉपला लावा, कॉन्फिग नावाची टेक्स्ट फाईल दिसंल, तिच्यात शेवटी एक ओळ टाका: डीटीओव्हरले=जीपीआयओ-शटडाऊन. इंग्रजीत, सगळी स्मॉल लेटरं, मधे एकही स्पेस नको. झालं, रेझिस्टर वगैरे काही नको, त्या पिनला पायमधेच १.८ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे त्या कामाचा रेझिस्टर, आहे.

बटन विकत आणू नका, भंगारातल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं पॉवर बटन काढा. त्याच्या वायरीला दोन भोकांचा काळा कनेक्टर असतोय, तो ५ आणि ६ वर आडवा अगदी फिट्ट बसतो, सोल्डरिंगसुद्धा नाही. फक्त लावायच्या आधी चार्जर काढा आणि पिना तीनदा मोजा!! शेजारची ४ नंबर ५ व्होल्टची आहे, कनेक्टर चुकून ४ आणि ६ वर बसला तर बटन दाबलं की सरळ शॉर्ट, अन् ३ आणि ४ वर बसला तर पायच जाऊ शकतो.

३ आणि ५ नंबरच्या पिनांवर तुम्ही घड्याळाचं मॉड्यूल किंवा छोटा डिस्प्ले जोडला असंल तर हा जुगाड जमणार नाही, मग बंद करायला दुसरी पिन घ्या, त्याच ओळीला पुढं स्वल्पविराम देऊन जीपीआयओ_पिन=२१ असं लिहा, आकडा पण इंग्रजीच. हा २१ जीपीआयओचा नंबर आहे, मोजून ती पिन ४० नंबरची. चालू मात्र जीपीआयओ ३ वरूनच, म्हणजे ५ नंबरच्या पिनवरूनच होतंय.

आणि लाईट गेली तर बटन काय करणार, त्याला यूपीएस लागतोय, किंवा कार्डावर लिहिण्यासारखं काही नसंल तर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममधे ओव्हरले फाईल सिस्टीम चालू करून टाका, मग कार्डावर लिहितच नाही तो. मी तेच केलंय, आमच्याकडं उन्हाळ्यात लाईटीचा काय भरवसा.

बटन दाबल्यावर हिरवा दिवा लुकलुकायचा थांबतो, लाल तसाच राहतो, तो राहणारच. हिरवा थांबला की मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद करा. बाबा आता बटन दाबून चष्मा वर करून त्या हिरव्या दिव्याकडं बघत बसतेत.