मूल पाहूही शकत नाही आणि ऐकूही शकत नाही. त्याला अंधशाळेत घालावे की कर्णबधिरांच्या शाळेत?

आपला भाचा साडेचार वर्षांचा आहे, त्याची दृष्टी व श्रवण दोन्ही बाधित आहेत आणि तालुक्याच्या गावी राहून त्याला कोणत्या शाळेत घालावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर: तूर्त कोणत्याही नाही. अंधशाळेतील अध्यापन मुख्यतः कानांवर चालते आणि कर्णबधिरांच्या शाळेतील डोळ्यांवर. ज्याचे दोन्ही अधू, त्याला दोन्हीकडे नुसते बसवून ठेवले जाते. आमच्या नातीला घेऊन आम्ही अशा दोन शाळांच्या पायऱ्या चढलो. एका ठिकाणी 'आधी थोडे बोलू लागू द्या, मग आणा' असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी 'ही आमच्या प्रवर्गात बसत नाही' असे.

सुनेला गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ उठले होते. तो रुबेला, म्हणजे गरोदरपणात झाल्यास पोटातल्या बाळाचे डोळे व कान अधू करू शकणारा आजार होता, हे नातीचा मोतीबिंदू आणि बहिरेपण दोन्ही निघाल्यावर कळले. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम आपल्या राज्यात २०१८ च्या नोव्हेंबरात आली, तीही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. सुनेच्या पिढीला ती लस सरकारी दवाखान्यात मिळालीच नव्हती.

मी स्वतः ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले, त्यामुळे नात सहा वर्षांची झाल्यावर गट साधन केंद्राकडून, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या केंद्राकडून, गृहाधारित शिक्षणासाठी, म्हणजे घरी येऊन शिकवण्यासाठी, ज्या विशेष शिक्षिका येऊ लागल्या, त्यांच्याकडे मी काहीशा परीक्षकाच्या नजरेने पाहत होतो. पहिला महिनाभर बाईंनी काहीही शिकवले नाही. त्या आठवड्यातून एकदा येत, नातीशेजारी जमिनीवर बसत आणि ती जे करील ते करीत. तिने फरशीवर थाप मारली की त्याही मारीत. चहा घेत आणि जात. नंतर त्यांनी आम्हा चौघांना प्रत्येकी एक ओळखीची वस्तू ठरवायला सांगितली. माझ्या वाट्याला माझे मनगटी घड्याळ आले, कारण त्याचा साखळीसारखा धातूचा पट्टा घरात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. तिच्याजवळ जाताच खांद्याला हळूच स्पर्श करायचा, मग आपला हात तिच्या हाताखाली सरकवून पट्टा तिच्या बोटांना लागू द्यायचा, आणि त्यानंतरच तिला उचलायचे. तिचा हात वरून धरून ओढायचा नाही, यावर बाईंचा विलक्षण कटाक्ष होता. हात हेच तिचे डोळे असतील, तर ते धरून ठेवणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे होय, असे त्या म्हणत. आपल्याला अचानक कोण उचलते आणि कोठे नेते हे न कळल्यामुळे ती सहा वर्षे रडत होती, हे चौतीस वर्षांच्या अनुभवी शिक्षकाच्या ध्यानात आले नव्हते.

पुढे चपलांची चार खोकी ओळीने चिकटवून दिवसाचे वेळापत्रक तयार झाले. पंच्याचा तुकडा म्हणजे अंघोळ, चमचा म्हणजे जेवण, दोरीचा तुकडा म्हणजे झोका, चप्पल म्हणजे अंगणात फेरी. एक काम झाले की त्याची वस्तू तिच्याच हाताने शेजारच्या टोपलीत टाकायची. ती 'संपले'ची टोपली. सहा महिने आम्हीच हे करीत होतो आणि ती करू देत होती. सातव्या महिन्यात एका दुपारी मी तिला वरण-भात भरवत असताना तिने माझे मनगट चाचपले, पट्ट्याची कडी ओढून घड्याळ काढले आणि टोपलीत टाकले. मी उठून दूर झालो. सून जवळ येऊन बसली, तेव्हा ती शांतपणे जेवली. आजोबा पुरे झाले, असे तिचे म्हणणे होते. एवढा स्पष्ट अपमान मला कोणाकडूनही इतका गोड लागलेला नाही.

त्या वेळी माझे एक जुने सहकारी, पुढे केंद्रप्रमुख होऊन निवृत्त झालेले, ओट्यावर बसले होते. 'टोपलीत घड्याळ टाकायला शिकवण्यासाठी सरकार पगार देते काय? पाटी नाही, पुस्तक नाही, हजेरी नाही,' असे ते म्हणाले आणि मी तेव्हा गप्प बसलो. आज लिहितो. पहिलीच्या मुलाला आपण 'क' शिकवतो, म्हणजे एक खूण दुसऱ्या कशाच्या जागी उभी असते हे शिकवतो. माझ्या नातीने पट्टा माणसाच्या जागी वापरला. यालाच मी अक्षरओळख म्हणतो, आणि ती चहा पिणाऱ्या बाईंनी करून दिली.

आपण सोयींविषयीही विचारले आहे. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे लहान मुलांतील व्यंग लवकर ओळखून उपचार करणारे केंद्र, गाठावे, आणि त्यानंतर गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांकडे गृहाधारित शिक्षणासाठी लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बधिरांधत्व, म्हणजे दृष्टी व श्रवण दोन्ही बाधित असणे, बहुविकलांगतेखाली स्पष्टपणे लिहिलेले आहे, म्हणून प्रमाणपत्रावर केवळ 'अंध' किंवा केवळ 'कर्णबधिर' अशी नोंद स्वीकारू नये. मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेली हेलन केलर संस्था आहे. तिथे एकदा तरी आईला घेऊन जावे. मुलासाठी नव्हे, आईसाठी म्हणतो. मूल बाईंकडे आठवड्यात एक तास असते आणि उरलेला सगळा वेळ आईकडे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. बधिरांध म्हटलेल्या बहुतेक मुलांना थोडेफार दिसते किंवा ऐकू येते, आणि आपल्या भाच्याची उरलेली दृष्टी किती उपयोगाची आहे हे तपासल्याशिवाय माझे वरचे 'कोणत्याही नाही' अंतिम मानू नये. अशर सिंड्रोमसारख्या आजारात जन्मतः बहिऱ्या मुलाची दृष्टी पुढे हळूहळू जाते. अशा मुलाने खुणांची भाषा आधीच शिकलेली बरी, आणि त्याला कर्णबधिरांची शाळाच योग्य.

घड्याळ बंद पडून दोन वर्षे झाली, तरी मनगटावर तेच आहे. सहकारी अजूनही येतात. त्यांची ओळखीची वस्तू मात्र ठरलेली नाही, कारण ते ओट्यावरून आत येत नाहीत.