शुभवर्तमान, सुवार्ता आणि गॉस्पेल

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘गॉस्पेल’साठी शुभवर्तमान घातले आणि ‘वडिलांच्या चर्चमध्ये ती शुभवर्तमान गात मोठी झाली’ असे वाक्य झाले. वाचताना अडखळायला होते. इथे शुभवर्तमान चालेल का? आणि मुळात ‘चांगला वर्तमानकाळ’ असा शब्द बायबलसाठी कसा आला?

दुसरा प्रश्न आधी घेतो. या शब्दातला ‘वर्तमान’ हा काळ नाही. वर्तमान म्हणजे बातमी, हकीकत. जुन्या पत्रांत ‘इकडील वर्तमान’ येते ते याच अर्थाने, आणि मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ दिलेला आहे. रोजच्या बोलण्यातून तो गेला, पण वर्तमानपत्रात राहिला आणि मराठी बायबलात राहिला. ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ म्हणजे मत्तयाने सांगितलेली आनंदाची बातमी. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ ‘चांगली बातमी’ असाच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘गोड स्पेल’ असे झाले. गोड म्हणजे चांगले, स्पेल म्हणजे कथा किंवा वार्ता. आपल्या ‘गोड’शी त्याचे काही नाते नाही, पण हा योगायोग मला फार आवडतो. पुढे त्या ‘गोड’चा उच्चार आखूड झाला, शब्द ‘गॉस्पेल’ झाला आणि लोकांना त्यात ‘गॉड’ म्हणजे देव ऐकू येऊ लागला.

‘सुवार्ता’चा अर्थही हाच आहे, पण वापरात थोडा फरक जाणवतो. शुभवर्तमान म्हटले की मत्तय, मार्क, लूक, योहान यांची चार पुस्तके डोळ्यांपुढे येतात. सुवार्ता म्हटले की सांगायचा संदेश. म्हणून सुवार्ता सांगणारा तो सुवार्तिक. वसईच्या ज्या मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे केले, त्याचे नावही ‘सुवार्ता’च. गोव्यातल्या कोकणीत मात्र पोर्तुगीजातून आलेला ‘वांजेल’ रुळला आहे.

आता गाण्याकडे वळू. अमेरिकेत गॉस्पेल हे गाण्याचे नाव 1870 च्या दशकातच गोऱ्या प्रचारकांच्या भजनसंग्रहांवर दिसते. आज आपण ज्याला गॉस्पेल म्हणतो, ते मात्र शिकागोच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये घडले आणि त्यात टॉमस डॉर्सी यांचा वाटा सर्वांत मोठा. डॉर्सी हे ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे दुःखाचे लौकिक संगीत, वाजवणारे. मा रेनी या गायिकेबरोबर त्यांनी पियानोची साथ केली होती. ब्लूजचा दर्द आणि ठेका त्यांनी प्रार्थनेत आणला, तेव्हा कित्येक चर्चना तो खपला नाही. 1932 मध्ये ते परगावी असताना बाळंतपणात पत्नी गेल्याची तार आली, पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखात त्यांनी ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ लिहिले. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी ते 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गायले. या गाण्यात बातमी अशी कुठलीच नाही. थकलेला माणूस देवाला एवढेच म्हणतो, की माझा हात धर. आपल्याकडे ही करुणा अभंगात भेटते. तिला ‘शुभवर्तमान’ म्हटले की अर्थ शब्दशः बरोबर राहतो, पण गाणे हरवते.

आणखी एक अडचण आहे. हा शब्द पुढे चर्चबाहेर गेला. गायक रे चार्ल्स यांनी 1954 मध्ये गॉस्पेलच्या चालीवर प्रेमगीत बांधले आणि भाविक दुखावले. सिस्टर रोझेटा थार्प तर इलेक्ट्रिक गिटार घेऊन नाइटक्लबमध्येही देवाची गाणी गात. ‘तिच्या आवाजात गॉस्पेल आहे’ असे कोणी म्हणतो तेव्हा त्याला आवाजाची फेक, टाळ्या, मुख्य गायिकेची ओळ समूहाने उचलून धरणे हे सारे सांगायचे असते. हे एका गानप्रकाराचे नाव आहे. ठुमरीचे किंवा कव्वालीचे आपण भाषांतर करत नाही, तसेच इथेही करू नये. ‘भक्तिसंगीत’ फार सैल पडते, त्यात सगळेच मावते. ‘उपासना संगीत’ तर मुळीच नको. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या गीतसंग्रहाचे ते नाव आहे, आणि त्यात नारायण वामन टिळकांची पदे आहेत. त्या दोन परंपरांची सरमिसळ दोघींवरही अन्याय करील.

तेव्हा पुस्तकासाठी शुभवर्तमान, संदेशासाठी सुवार्ता आणि गाण्यासाठी गॉस्पेल असे मी लिहीन. चर्चच्या पास्टरना मराठी प्रोटेस्टंट ‘पाळक’ म्हणतात, तो सुंदर शब्दही इथे कामी येईल: ‘वडील डेट्रॉइटच्या ज्या चर्चचे पाळक होते, तिथेच गॉस्पेल गात अरीथा मोठी झाली.’