ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झूम एक्स्टेंट्स केलं की ड्रॉइंग गायब होतं, आणि लेआउटमधलं स्केल आपोआप बदलतं. काय चुकतंय?

आपोआप नाही बदलत, आपल्याच बोटानं बदलतं. राग मानू नका, माझ्याही बोटानं एकदा बदललं होतं आणि त्याचे पैसे माझ्याच खिशातून गेले. ते पुढे सांगतो.

आधी गायब होणारं ड्रॉइंग. तुम्ही लिहिलंय की सर्व्हेअरच्या फाइलवर प्लॅन बसवला, काही ब्लॉक, म्हणजे दारं-खिडक्यांसारखे तयार तुकडे, जुन्या फाइलमधून आणले, आणि आता व्हीलवर डबल-क्लिक केलं, म्हणजेच झूम एक्स्टेंट्स दिलं, की स्क्रीन कोरी. ड्रॉइंग कुठं गेलेलं नाही. झूम एक्स्टेंट्स फाइलमधली पार टोकाची वस्तूही स्क्रीनमध्ये कोंबतं, मग ती कितीही लांब असो. सर्व्हेच्या फाइली आजकाल बऱ्याचदा यूटीएम कोऑर्डिनेट्समध्ये येतात, म्हणजे पृथ्वीचे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीत. नागपूर ४४ उत्तर झोनमध्ये येतं. इथला ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) साधारण ३ लाखांच्या आसपास आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) २३ लाख ४० हजारांच्या आसपास, मीटरमध्ये. तुम्ही आणलेल्या ब्लॉकांपैकी एखादा ०,० वर पडला असेल तर खेळ तिथंच झाला. नागपूरकराला शून्य म्हटलं की झिरो माइलचा खांब आठवतो, पण या झोनचं शून्य विषुववृत्तावर, हिंदी महासागरात आहे. म्हणजे तुमचा प्लॉट बेसा रोडला आणि त्याचं दार समुद्रात, मध्ये २,३०० किलोमीटरच्या वर अंतर. १०८० पिक्सेल उंचीच्या स्क्रीनवर हे मावायचं तर एकेक पिक्सेल दोन किलोमीटरहून मोठा होतो. त्यात तुमचा १२ बाय १८ मीटरचा प्लॉट दिसणार कुठून?

उपाय असा. फाइलची कॉपी करून ठेवा. सगळे लेयर ऑन, थॉ (म्हणजे फ्रीझ काढून) आणि अनलॉक करा. झेड (म्हणजे झूम) एंटर, पी एंटर केलं की मागच्या व्ह्यूवर परत याल. तेही नाही जमलं तर झेड, मग सी, मग सर्व्हेअरच्या यादीतल्या कोणत्याही एका पॉइंटचे कोऑर्डिनेट्स आणि उंची ५० द्या. थेट प्लॉटवर उतराल. आता इरेज कमांड, ऑल, मग आर देऊन आपल्या सगळ्या कामाभोवती विंडो ओढा. आर म्हणजे रिमूव्ह, तेवढं वगळलं जातं. एंटर मारलं की समुद्रातलं दार जातं. कंटाळून अख्खा सर्व्हे उचलून ०,० वर आणून ठेवू नका. पुढे कुणाला ती फाइल मूळ कोऑर्डिनेट्सवर लागली की तुमच्या नावानं बोटं मोडतील.

झूम मध्येच अडकतो म्हणता, त्याला आरई एंटर, म्हणजे रिजेन, स्क्रीनवरचं चित्र नव्यानं काढणं. वर्तुळं अष्टकोनी दिसत असतील तर तीही त्यानंच सुधारतात. ते फक्त स्क्रीनवरचं चित्र असतं, प्रिंट गोलच येते.

आता स्केल. मॉडेल म्हणजे ड्रॉइंग खऱ्या मापात काढतो ती जागा, लेआउट म्हणजे प्रिंटचा कागद, आणि व्ह्यूपोर्ट म्हणजे त्या कागदावरची मॉडेल दाखवणारी खिडकी. मॉडेलमध्ये झूम म्हणजे फक्त तुम्ही जवळ गेलात की लांब, ड्रॉइंगला त्याचं काही नाही. लेआउटमध्ये व्ह्यूपोर्टच्या बाहेर असाल तरी तेच. पण व्ह्यूपोर्टच्या आत डबल-क्लिक करून शिरलात, की तेच व्हील स्केल बदलायला लागतं. कारण व्ह्यूपोर्टमधला झूम हेच त्याचं स्केल असतं, ते वेगळं कुठं ठेवलेलं नसतं. माउस तोच, व्हील तेच, काम मात्र पार वेगळं. माझ्या मते या सॉफ्टवेअरमधली ही सगळ्यांत फसवी जागा.

माझं सांगतो. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. मंजुरीचा नकाशा, १:१०० वर, ए-१ च्या सहा प्रती. एका खोलीचं नाव बघायला व्ह्यूपोर्टमध्ये शिरलो, व्हील फिरवलं, परत आणलं, अंदाजानं. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, प्लॉटिंगला (मोठ्या प्रिंट काढायला) गेलो. सहाही शीट निघाल्यावर दुकानातल्या काकांनी सहज पट्टी लावली आणि म्हणाले, "काऊन भाऊ, हा हॉल चार मीटरचाच हाये का?" हॉल साडेचारचा होता. पट्टीवर भरला चार सेंटिमीटर. स्केल १:११२ च्या आसपास गेलं होतं. आणि ऑफिसात कुणाच्या लक्षात न येण्याचं कारण म्हणजे डायमेन्शन मॉडेलमध्ये दिलेली, आकडा ऐटीत ४.५० च दाखवत होता. परत जाऊन बघितलं तर खाली स्टेटस बारवर १० च्या जागी ८.८९ असं काहीतरी होतं (ड्रॉइंग मीटरमध्ये होतं म्हणून १०, का ते पुढे येतं). तिथं असा चमत्कारिक दशांश दिसला की समजायचं, कुणीतरी आत व्हील फिरवलंय.

म्हणून स्केल दिलं की त्याच क्षणी लॉक. व्ह्यूपोर्टची कड निवडा, स्टेटस बारवरचं कुलूप दाबा, किंवा प्रॉपर्टीजमध्ये डिस्प्ले लॉक्ड येस करा. त्यानंतर आत शिरून व्हील फिरवलं तरी कागदासकट झूम होतो, स्केल हलत नाही. आतून बाहेर यायला बाहेर डबल-क्लिक. व्ह्यूपोर्टनं पूर्ण शीट व्यापली असेल आणि बाहेर जागाच नसेल तर पीएस एंटर.

स्केल देताना एक गोची होते. यादीतलं १:१०० म्हणजे कागदावरचं १ युनिट बरोबर ड्रॉइंगमधली १०० युनिट. कागद मिलिमीटरमध्ये आणि ड्रॉइंगही मिलिमीटरमध्ये असेल तर ठीक, आतून झेड एंटर, १/१००एक्सपी दिलं तरी तेच (एक्सपी म्हणजे कागदाच्या मानानं इतके पट). पण आपल्याकडे मंजुरीची ड्रॉइंग मीटरमध्ये काढायची पद्धत आहे. १ मीटर १:१०० वर कागदावर १० मिलिमीटर होतो, म्हणून तिथं १०एक्सपी द्यायचं. १:१०० निवडलंत तर अख्खी इमारत मुंगीएवढी दिसेल. घरमालकासाठी इंचात काढलेलं ड्रॉइंग असेल तर ०.२५४एक्सपी, कारण एका इंचात २५.४ मिलिमीटर.

व्ह्यूपोर्टची चौकट प्रिंटमध्ये येते अशीही तुमची तक्रार आहे. तिला वेगळ्या लेयरवर टाका आणि त्या लेयरचं प्लॉट, म्हणजे प्रिंट होणं, बंद करा.

मॉडेलमधले व्ह्यूपोर्ट, म्हणजे व्हीपोर्ट्स कमांडनं स्क्रीनचे तुकडे होतात ते, निराळं प्रकरण. त्यांचा शीटशी संबंध नाही. लांबट प्लॅन असेल तर मी डाव्या तुकड्यात पूर्ण जागा आणि उजव्यात कोपरा जवळून ठेवतो. रेघ एकात सुरू करून दुसऱ्यात क्लिक करून संपवता येते, सारखं आत-बाहेर करावं लागत नाही.

शनिवारी शीट द्यायची म्हणता, तर प्रिंटला टाकताना लेआउटचं स्केल १:१ ठेवा आणि फिट टू पेपरची खूण काढा. ती राहिली तर लॉक केलेल्या व्ह्यूपोर्टचंही स्केल कागदावर चुकणार. आणि सहा प्रती काढण्याआधी एक काढून पट्टी लावा.